मालकाचा डाग नसलेली टीम

‘द बॅटर्ड बास्टर्ड्स ऑफ बेसबॉल’ ही डॉक्युमेंटरी मी पहिल्यांदा पाहिली ती नोकरी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, रात्री दोन वाजता, मोबाइलवर. बेसबॉलमधलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. पण ८० मिनिटं संपली तेव्हा मी गादीवर उठून बसलो होतो आणि मित्रांच्या ग्रुपवर लिंक टाकून खाली लिहिलं होतं, ‘आपण हे करायचं.’

‘हे’ म्हणजे काय ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पुढे आम्ही चौघांनी मिळून एक छोटी कंपनी काढली, तिच्या स्लॅकवर मॅव्हरिक्सचा फोटो लावला. गेल्या महिन्यात एका मोठ्या कंपनीनं ती विकत घ्यायची तयारी दाखवली आणि आमच्यात जी भांडणं झाली, त्यात हा सिनेमा दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून वापरला गेला. म्हणून मी तो परत पाहिला. यावेळी लॅपटॉपवर, दिवसा, मध्ये मध्ये थांबवत.

आधी गोष्ट सांगतो.

अमेरिकेतल्या मेजर लीगच्या खाली मायनर लीगची एक लांबलचक शिडी आहे. सगळ्यात वर ट्रिपल-ए, मग डबल-ए, मग सिंगल-ए. या शिडीवरच्या टीम दिसायला आपापल्या शहराच्या असतात, पण खेळाडू वरच्या मेजर लीग क्लबचे. पगार वरचा क्लब देतो, कोणाला कुठे पाठवायचं तेही तोच ठरवतो. याला ‘फार्म सिस्टिम’ म्हणतात, म्हणजे खाली पीक काढायचं आणि वर न्यायचं. ब्रँच रिकी नावाच्या माणसानं १९२० च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्ससाठी ही व्यवस्था बसवली आणि मग सगळ्यांनी ती उचलली. सर्व्हिस कंपनीत काम केलेल्यांना फार समजावून सांगायला नको. तुम्ही एकाच्या पेरोलवर, काम दुसऱ्याचं, आणि काम नसेल तर ‘बेंच’वर. हा शब्दसुद्धा खेळातूनच आलाय.

ऑरेगन राज्यातलं पोर्टलँड हे ट्रिपल-ए दर्जाच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये १९०३ पासूनचं शहर. त्यांची टीम पोर्टलँड बीव्हर्स. १९७२ चा सीझन संपला आणि बीव्हर्स स्पोकेनला निघून गेले, कारण बघायला कुणी येत नव्हतं. रिकामं झालेलं सिव्हिक स्टेडियम बिंग रसेलनं घेतलं. बिंग म्हणजे ‘बोनान्झा’ मालिकेतला डेप्युटी क्लेम, वेस्टर्नमध्ये छोटी छोटी कामं करणारा नट आणि कर्ट रसेलचा बाप. लहानपणी फ्लोरिडात यँकीजच्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये वाढलेला, बेसबॉलवेडा. त्यानं ५०० डॉलर भरून खालच्या पायरीवरच्या नॉर्थवेस्ट लीगमध्ये टीम घेतली, आणि तिला वरचा क्लबच ठेवला नाही. त्या वेळी अशी ती एकटीच टीम होती.

नाव ठेवलं मॅव्हरिक्स. हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्या सॅम्युअल मॅव्हरिक या टेक्ससच्या जमीनदारावरून आला. तो आपल्या गुरांना डाग देत नसे. त्यामुळे मालकाचा डाग नसलेलं कुठलंही जनावर दिसलं की लोक म्हणत, हे मॅव्हरिकचं. इतकं चपखल नाव मी तरी दुसऱ्या कुठल्या टीमचं पाहिलेलं नाही.

१९७३ च्या उन्हाळ्यात बिंगनं खुली निवड चाचणी जाहीर केली. कोणीही या. आणि शेकडो लोक आले: इतर क्लबांनी काढून टाकलेले, कुठेच न निवडलेले, पोट सुटलेले, दाढीवाले. त्यातून निवडलेल्या टीमच्या पहिल्याच सामन्यात जीन लँथॉर्न या पिचरनं नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या टीमला एकही हिट मिळू दिली नाही. पटकथेत लिहिलं असतं तर निर्मात्यानं खोडलं असतं. पुढे जो गार्झा सीरिज जिंकली की डगआउटच्या छपरावर चढून झाडू फिरवायचा. १९७५ मध्ये जिम बाउटन आला. हा एकेकाळचा यँकीजचा स्टार पिचर, ‘बॉल फोर’ हे पुस्तक लिहून १९७० मध्ये सगळ्या बेसबॉल जगताचा राग ओढवून घेतलेला, आणि आता ३६ वर्षांचा. टीमचा एक पिचर रॉब नेल्सन याला तंबाखूच्या पाकिटात तंबाखूऐवजी च्युइंगगमचे तुकडे भरायची कल्पना सुचली, बाउटननं पैसे घातले आणि १९८० मध्ये ते ‘बिग लीग च्यू’ म्हणून बाजारात आलं. टीमचा बॅटबॉय टॉड फील्ड. होय, ‘टार’चा दिग्दर्शक टॉड फील्ड.

हे सगळं बघायला जाम मजा येते. चॅपमन आणि मॅक्लेन वे हे दिग्दर्शक भाऊ जुनं फुटेज फार हुशारीनं वापरतात. सत्तरच्या दशकाचा तो उन्हात विटलेला रंग, विचित्र मिशा, लाल बस. बोलणारे लोक मोजके आणि सगळे गोष्टीवेल्हाळ. एकाचं वाक्य दुसरा पूर्ण करतो. बेसबॉल न कळणाऱ्या पुण्यातल्या बेरोजगाराला उठवून बसवलं, यातच काय ते आलं.

दुसऱ्यांदा बघताना मात्र पहिला खडा इथेच लागला: मॅव्हरिक्स जिंकत होते ते कोणाविरुद्ध? नॉर्थवेस्ट लीगच्या बाकीच्या टीममध्ये नुकतीच निवड झालेली पोरं असायची, १८-२० वर्षांची, पहिल्यांदा घर सोडलेली. त्यांच्या कोचना जिंकायला सांगितलेलंच नसायचं, खेळाडू घडवायला सांगितलेलं असायचं. पिचरनं अमुक इतकेच बॉल टाकायचे, डाव्या हातानं खेळणाऱ्यांसमोर सराव करायचा, हरलो तरी चालेल. मॅव्हरिक्समधले बरेच जण पंचविशी ओलांडलेले, काही त्याहून मोठे, आणि त्यांना त्या दिवशीचा सामना जिंकण्यापलीकडे काही उद्दिष्टच नव्हतं. कॉलेजच्या संघासमोर गल्लीतले दादा उतरावेत तसं. सिनेमा हे लपवत नाही, पण हिशेबातही धरत नाही. तो ‘डेव्हिड आणि गोलायथ’ सांगत राहतो.

मला वाटतं, खरी गंमत याच्या उलट बाजूला आहे आणि ती वे बंधूंच्या हातून निसटलीय. पोर्टलँडचे लोक बीव्हर्सना बघायला का येत नव्हते? कारण आवडता खेळाडू ऑगस्टमध्ये वर जायचा. चांगला खेळला की गेलाच. म्हणजे टीम जितकी यशस्वी, तितकी ती शहराच्या हातून सुटत जाणार. मॅव्हरिक्सना वर जायला जागाच नव्हती, म्हणून ते पोर्टलँडचे झाले. त्या सामन्यात जिंकणं-हरणं हाच शेवट होता, वरच्या कुणाचा रिपोर्ट नव्हता. १९७७ मध्ये ४४ विजय आणि २२ पराभव, आणि ३३ घरच्या सामन्यांना १,२५,३०० प्रेक्षक. या दर्जाच्या लीगमधला तो विक्रम होता. एखाद्या टीमची ओळख कशानं बनते याचं याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. पण सिनेमा हे श्रेय व्यवस्थेतल्या या फटीला देत नाही, बिंगच्या करिष्म्याला देतो.

अर्थात देणारच. वे बंधू बिंगचे नातू आहेत. मुख्य साक्षीदार कर्ट रसेल, त्यांचा मामा. खांद्याच्या दुखापतीनं बेसबॉल संपण्याच्या सुमाराला तो स्वतः या टीमकडून खेळला. हा घरचा अल्बम आहे आणि घरच्या अल्बममध्ये आजोबा हसतच असतात. बिंगनं लॅनी मॉस या तरुण बाईला जनरल मॅनेजर केलं, जे तेव्हाच्या बेसबॉलमध्ये जवळजवळ ऐकिवात नव्हतं. तिला तो ऑफिसमध्ये, त्या दाढीवाल्या गर्दीत, पगाराच्या दिवशी काय अनुभव आला असेल? मला तो सिनेमा जास्त बघायचा होता. खेळाडूंना महिन्याला काही शे डॉलर मिळत. ‘प्रेमापोटी खेळले’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण मी त्याच भाषेतली ऑफर लेटर वाचलेली आहेत.

याच वे बंधूंनी २०१८ मध्ये ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ केली, आपल्या कोरेगाव पार्कातून ऑरेगनला गेलेल्या रजनीशांच्या आश्रमावरची. तिचा शोध त्यांना या सिनेमासाठी ऑरेगनमधलं जुनं फुटेज धुंडाळतानाच लागला. दोन्हींचा साचा एकच: बाहेरून आलेला झपाटलेला माणूस, त्याची विचित्र फौज आणि चिडलेली व्यवस्था. फरक इतकाच की रजनीशांच्या गोष्टीत गावातले म्हातारे आणि सरकारी वकील भरभरून बोलतात, त्यामुळे आपण सहा भाग हेलकावत राहतो. इथे समोरच्या बाजूचं कुणी असं नीट बोलतच नाही.

आणि त्याची सगळ्यात जास्त किंमत सिनेमाचा शेवट मोजतो. मॅव्हरिक्सची गर्दी बघून पॅसिफिक कोस्ट लीगला पोर्टलँड परत हवंसं झालं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे वरच्या दर्जाची लीग खालच्या टीमचं शहर घेऊ शकत असे, भरपाई देऊन. त्यांनी २६,००० डॉलर देऊ केले. बिंगनं २,०६,००० मागितले. लवाद बसला आणि त्यानं बिंगला पूर्ण २,०६,००० दिले. सिनेमात हा विजय आहे. पहिल्या वेळी मीसुद्धा मूठ हवेत उडवली होती.

पण बघा, काय झालं? शहरावर हक्क कुणाचा, हा प्रश्न त्या लवादात नव्हताच. प्रश्न होता भाव किती. आणि बिंग ज्या नियमाखाली जिंकला, तो नियम त्याच व्यवस्थेचा होता जिच्याविरुद्ध तो लढत होता असं आपल्याला ७० मिनिटं सांगितलं गेलंय. मॅव्हरिक्स कधीच व्यवस्थेबाहेर नव्हते. त्यांना फक्त वरचा क्लब नव्हता. लीग, वेळापत्रक, प्रदेशाचे हक्क सगळं तेच. बिंगनं फसवलं असं मला म्हणायचं नाही. टीम जाणारच होती, त्यानं निदान तिची किंमत वसूल केली. पण हे दुःख आहे की सौदा, की दोन्ही, एवढं तरी दिग्दर्शकांनी विचारायला हवं होतं. माझा पार्टनर म्हणतो, ‘बिंगनं पण घेतलेच ना पैसे?’ मी म्हणतो, ‘पण त्याला नाही म्हणायची सोय नव्हती, आपल्याला आहे.’ सिनेमा आम्हा दोघांनाही उत्तर देत नाही, कारण त्यानं तो प्रश्न स्वतःला विचारलेला नाही.

आणखी एक. ते १९७७ ची फायनल हरले, बेलिंगहॅम मरिनर्सकडून, तीनपैकी दोन सामने. सिएटलच्या क्लबची ती खालची टीम. मॅव्हरिक्सनी लीगचं विजेतेपद कधीच जिंकलं नाही. मला हा भाग सिनेमातला सगळ्यात खरा वाटतो, कारण तिथे कुणालाच फार बोलता येत नाही.

सिनेमा संपतो तिथून पुढची गोष्ट अशी. बाउटन १९७८ मध्ये अटलांटा ब्रेव्हजकडून मेजर लीगमध्ये परत आला आणि एक सामना जिंकला. ज्यांच्यासाठी मॅव्हरिक्सना घालवलं ते बीव्हर्स १९७८ ला आले आणि १९९३ नंतर पुन्हा सोडून गेले, सॉल्ट लेक सिटीला. २००१ ला तेच नाव घेऊन आणखी एक टीम आली, तीही २०१० नंतर गेली. सिव्हिक स्टेडियमचं नाव आता प्रॉव्हिडन्स पार्क, तिथे फुटबॉल खेळतात. २०२०-२१ मध्ये मेजर लीगनं आपल्या अंगाखालच्या टीम १६० वरून १२० वर आणल्या, त्यात ऑरेगनमधल्याच किझर गावच्या व्होल्कॅनोज टीमचा वरचा क्लब सुटला. त्यांनी मग २०२१ मध्ये स्वतःची छोटी स्वतंत्र लीग काढली. तिचं नाव मॅव्हरिक्स लीग. चार टीम, चौघींचं मैदान एकच, किझरमधलं. त्यातल्या एका टीमचं नाव पोर्टलँड मॅव्हरिक्स. पोर्टलँडहून तिथे जायला तासभर गाडी चालवावी लागते.