तक्त्यावरचा गेंडा

राज्याच्या मराठी पाठ्यपुस्तकांवर प्रकाशकाचा पत्ता प्रभादेवीचा असतो. त्या पुस्तकांत गेंड्याच्या वाट्याला फार ओळी येणार नाहीत, हे समजण्यासारखे आहे. तक्रार आहे ती बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांविषयी आणि मार्गदर्शिकांविषयी. ‘शिंगासाठी शिकार होते म्हणून गेंडा नामशेष होत आहे’ हे त्यांचे एका गुणाचे उत्तर.

पण गेंडा कोणता? जगात त्याच्या पाच जाती आहेत. आपला एकशिंगी गेंडा विसाव्या शतकाच्या आरंभी काझीरंगात अगदी मोजका उरला होता. २०२२ च्या गणनेत तेथे २,६१३ गेंडे भरले. २००८ मध्येच त्याला ‘संकटग्रस्त’ यादीतून ‘असुरक्षित’ यादीत हलवण्यात आले. उलट व्हिएतनाममधला जावा गेंड्याचा शेवटचा प्राणी २०१० मध्ये गोळी लागून मेलेला सापडला, शिंग कापून नेलेले. एकाच वाक्यात दोन्ही कोंबली की विद्यार्थ्याला ना यश कळते, ना अपयश.

शिकारीचे कारणही नेहमी शिंग नव्हते. कूचबिहारच्या महाराजा नृपेंद्र नारायणांनी दोनशेहून अधिक गेंडे मारले, ते केवळ मृगयेच्या हौसेने. आणि बंदुकीच्याही आधी? दायमाबादला (जि. अहिल्यानगर) १९७४ मध्ये चाकांवर उभा असलेला ब्राँझचा गेंडा सापडला. एवढ्यावरून तेथे गेंडे चरत होते असे म्हणता येणार नाही. मात्र गुजरातमधील लांघणज येथे सांकलियांच्या उत्खननात गेंड्याचे खरे हाड मिळाले, आणि बाबराने तर पेशावरकडे गेंड्यांची शिकार केली. नदीकाठची उंच गवताची पाणथळ जमीन नांगराखाली गेली, तसा तो प्राणी पूर्वेकडे आसाम-नेपाळपुरता आकसत गेला. हे तक्त्यावर कोठेही नसते.

शिंगाविषयी तर गंमतच आहे. ते कामोत्तेजक म्हणून खपते, असे बहुतेक तक्ते सांगतात. वास्तविक पारंपरिक चिनी वैद्यक ते मुख्यतः तापावर देत आले. येमेनमध्ये त्याच्या खंजिराच्या मुठी होत. गाई-म्हशींच्या शिंगात असतो तसा हाडाचा गाभा त्यात नसतो. ते केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे असते. मुळाला धक्का न लावता कापले तर पुन्हा वाढते, आणि याच आधारावर नामिबियाने १९८९ पासून गेंड्यांची शिंगे कापून त्यांना शिकाऱ्यांच्या दृष्टीने निरुपयोगी करण्याचा प्रयोग केला. नखे कापणाऱ्या कोणत्याही मुलाला हे पाच मिनिटांत पटेल.

२२ सप्टेंबर २०२१ रोजी आसाम सरकारने बोकाखात येथे साठ्यातली २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली. नवा तक्ता काढणाऱ्याने त्या चितेचे चित्र जरूर घ्यावे, आणि शेजारी काझीरंगाचे आकडे वर्षांसह द्यावेत.