मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतली कृपा : एक मुस्लिम वाचन

आपले आयुष्य आपण का लिहावे, याचे एक उत्तर मराठी ख्रिस्ती लेखकांनी एकोणिसाव्या शतकातच देऊन ठेवले आहे. आपण मोठे आहोत म्हणून नव्हे, तर आपल्या हातून जे झाले ते देवाने करून घेतले, हे सांगण्यासाठी. या प्रकाराला त्यांच्यात 'साक्ष' म्हणतात. मंडळीसमोर उभा राहून माणूस सांगतो की मी असा होतो, आता असा आहे, आणि मधे जे घडले ती माझी करणी नव्हे. मुस्लिम वाचकाला हा शब्द परका वाटायचे कारण नाही. कलमा-ए-शहादत म्हणजे साक्षच. पण आपल्या साक्षीत माणूस ग्वाही देऊन थांबतो, स्वतःची हकीकत सांगत नाही. ख्रिस्ती साक्षीत हकीकत हाच पुरावा असतो. पुरावा म्हणून लिहिलेल्या आयुष्यात माणूस किती शिल्लक राहतो, हा आमचा प्रश्न आहे.

श्रद्धेचा भाग आधी स्पष्ट केलेला बरा. ईसा अलैहिस्सलाम आमचे पैगंबर आहेत. त्यांनी मातीच्या पक्ष्यात फुंकर घातली, आंधळ्यांना दृष्टी दिली, हे आम्ही मानतो. ते अल्लाहच्या हुकुमाने झाले, हेही त्याच दमात मानतो. वधस्तंभ आणि त्यातून मिळणारी पापांची माफी आम्ही मानत नाही. तेव्हा रेव्हरंड टिळक किंवा पंडिता रमाबाई जिथे पोहोचले तिथे आम्ही पोहोचणार नाही. मात्र कृपा ही कमाई नव्हे, हा विचार आमच्या घरचाही आहे. केवळ आपल्या अमलाच्या जोरावर कोणी जन्नतीत जाणार नाही, अल्लाहची रहमत झाली तरच जाईल, या अर्थाची हदीस बुखारीत आहे. इमाम गझालींनी 'अल-मुन्किज'मध्ये आपली हकीकत सांगताना म्हटले आहे की शंकांच्या आजारातून आपण दलीलींनी बरे झालो नाही, अल्लाहने छातीत टाकलेल्या नुराने झालो. साक्ष याहून फार वेगळी नाही.

दुसरा शब्द 'सामर्थ्य'. तो ऐकला की काशीदच्या माणसाला पुस्तकाआधी कोर्लई आठवते. मुरूडहून अलिबागकडे निघाले की काशीद, मग बोर्ली, मग कोर्लई. डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला आणि खाली ख्रिस्ती वस्ती. किल्ल्यातले प्रार्थनामंदिर आता भग्न उभे आहे. चौल-कोर्लईचा हा टापू १७४० मध्ये मराठ्यांकडे आला, तोफा गप्प झाल्या. गावातले माउंट कार्मेल मातेचे चर्च मात्र चालू आहे, आणि त्या वस्तीत अजूनही पोर्तुगीजवरून झालेली एक बोली बोलतात. बोलणारे हजाराच्या आसपास. तिला ते 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. धर्म तिथे राज्याच्या जोरावर आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण राज्य गेल्यावर पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ तो टिकला, त्याचा हिशेब तोफांच्या खात्यावर मांडता येत नाही. या लोकांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांची साक्ष कागदावर नाही, म्हणून आम्हाला पुस्तकांकडे वळावे लागते.

पहिले पुस्तक बाबा पदमनजींचे 'अरुणोदय'. बाबा मूळ बेळगावचे. जन्म १८३१, बाप्तिस्मा १८५४. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ज्या 'यमुनापर्यटन'चा (१८५७) मान सांगतात तिचे लेखक हेच. 'अरुणोदय' आधी वाचावे ते त्या काळच्या घराच्या आणि शाळेच्या माहितीसाठी. सण, व्रते, मिशनच्या शाळेतले वाद, बाप्तिस्म्यापूर्वीची घालमेल, हे सारे त्यात आहे. पण पुस्तकाचे नावच सांगते की लेखकाला शेवट ठाऊक आहे. उजाडणार आहे म्हणून आधीचा सगळा प्रहर रात्रीचा. बालपणीची श्रद्धा, घरातली देवपूजा, वडीलधाऱ्यांचा भाव, या सगळ्यांना अंधार म्हणावे लागते, कारण तसे न म्हटले तर उजेडाची किंमत कळणार नाही. बाबा वाद घालण्यात वाकबगार होते आणि हे पुस्तकही त्यांनी वादाचा एक मुद्दा म्हणून मांडले. वादापुरते ते मजबूत आहे. त्यात देवाचे सामर्थ्य आम्हाला दिसते ते जिथे बाबा अडखळतात तिथे. मन पटले आहे आणि पाय घरातून निघत नाहीत, अशा पानांवर. मन वळले की पाने पुन्हा सरळ रेषेत चालू लागतात.

रमाबाईंचे तसे नाही. त्यांची साक्ष १९०७ मधली, मूळ इंग्रजीत, लहानशी. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी (जन्म १८५८) आई-बापांबरोबर पुराणे सांगत देशभर पायी हिंडली. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई-वडील उपासमारीने गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा गेला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. इथे एखादा दुसरा लेखक थांबला असता, कारण साक्ष पुरी झाली. रमाबाई मात्र सांगतात की आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो पुढे कित्येक वर्षांनी सापडला. बाप्तिस्म्याला शेवट न मानणारी अशी नवख्रिस्ती बाई मिशनऱ्यांनाही पचायला जड गेली असावी. सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचला की कळते, त्या कोणाच्याही सांगण्यावरून मान हलवीत नव्हत्या.

१९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे आध्यात्मिक जागरण झाले, मुली रडत, थरथरत प्रार्थना करू लागल्या, त्याची चर्चा जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत आजही होते. देवाचे सामर्थ्य म्हणून तेच दाखवले जाते. आमची नजर दुसरीकडे जाते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी बाया-मुलींना केडगावला घेऊन आल्या. पुढे मुक्तीतली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. ज्या मुलीने दुष्काळात आई-बाप गमावले, तीच वीस-बावीस वर्षांनी दुष्काळाच्या मुलुखात स्वतःहून शिरली. दुष्काळ तिला पाठ होता. भूक लागलेल्या माणसाला आधी काय हवे असते, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याच केडगावात छापखाना होता आणि तिथल्या बाया खिळे जुळवीत. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये बाहेर पडले. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींच्या हातून पवित्र ग्रंथ छापला जावा, याहून मोठी करामत तजकिऱ्यांतही आम्हाला फारशी आढळली नाही. रमाबाई तिला करामत म्हणत नाहीत, हे विशेष.

आता 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचे हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने निघाले. १९३६ मध्ये त्या वारल्या तेव्हा अखेरचा भाग अपुरा होता. तो मुलाने, देवदत्ताने, पुरा केला. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत याची गणना होते, पण ते ख्रिस्ती साक्ष म्हणून सहसा वाचले जात नाही. घरगुती विनोदाचे पुस्तक म्हणून वाचले जाते. आमच्या मते ती मराठीतली सर्वांत भरवशाची साक्ष आहे, आणि भरवशाची अशासाठी की साक्षीदाराला खटला जिंकण्याची घाई नाही.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. त्याआधी आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. टिळकांचे चरित्र लिहिणारे तिथून सुरुवात करतात. लक्ष्मीबाईंसाठी तो दिवस नवरा गेल्याचा दिवस आहे. जिवंत नवरा गेला. कुंकू पुसायचे नाही आणि संसारही उरला नाही. पुढची काही वर्षे त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या, मूल सांभाळले, रडल्या, चिडल्या. टिळकांचा देव त्यांच्या घरात शिरला तो घर मोडून. हे त्या लपवीत नाहीत आणि 'पण शेवटी भलेच झाले' असे म्हणून त्या दुःखाला घडीही घालत नाहीत.

नंतर त्या टिळकांकडे आल्या, तरी ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. वडिलांना सोवळ्याचे असे वेड की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. त्या घरातली ही मुलगी. शिवाशिव अंगात भिनलेली. ती सुटली कशी? स्वप्नात देवदूत आला नाही, पाद्र्याने वादात हरवले नाही. एके दिवशी मनात आले की जाती देवाने केल्या की माणसाने? विचार करून करून उत्तर मिळाले आणि बाईंनी कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. इतकेच. प्रसंगाला पार्श्वसंगीत नाही. पण ज्याने त्या वडिलांचे घर आधीच्या पानांत पाहिले आहे, त्याला कळते की डोंगर हलला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो या बदलानंतर.

टिळकांच्या बाबतीत बाईंची लेखणी अधिक धीट होते. मोठा कवी, मोठा भक्त. तापट, विसराळू, हाती येईल ते वाटून टाकणारा. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. चरित्रकार याला वैराग्य म्हणतील. बाईही म्हणतात, पण पगाराविना घर कोणाला चालवायचे होते ते पानांवर दिसत राहते. बालकवी ठोंबऱ्यांसारख्या लहरी पोराला याच घरात आसरा मिळाला. देवाची कृपा या पुस्तकात अशी येते: चूल अर्धी पेटलेली, पाहुणे दारात, नवऱ्याचा पत्ता नाही, आणि तरीही कोणी उपाशी परत जात नाही. टिळकांचे दोष पुसले असते तर ही कृपा दिसलीच नसती. ती त्या दोषांना धरूनच उभी आहे.

याचा उलटा पुरावाही लक्ष्मीबाईंनीच दिला आहे. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्र ओवीत आरंभिले आणि १९१९ मध्ये ते गेले. बहुतेक अध्याय मग बाईंनी लिहिले. श्रम थोर, हेतू थोर. पण काव्य म्हणून ते 'स्मृतिचित्रां'च्या जवळ येत नाही, असे आम्हाला वाटते. प्रभूचे चरित्र लिहिताना बाई अदबीने उभ्या राहतात, नवऱ्याचे लिहिताना बसून बोलतात.

आता थोडे आपल्या अंगणात. अत्तारांच्या 'तजकिरतुल औलिया'पासून आपल्याकडे संतचरित्रांची मोठी परंपरा आहे. तख्त सोडणारे इब्राहीम अदहम आहेत, राबिया आहेत. पण मराठीत लिहिणारे आम्ही मुसलमान जेव्हा आपल्या बाप-आजाचे व्यक्तिचित्र लिहितो, तेव्हा ते दाखल्यासारखे होते. मरहूम पाच वक्त नमाजी, गोरगरिबांचे कैवारी, गावात हिंदू-मुस्लिम सर्वांना प्रिय. शालेय पुस्तकांतले थोर पुरुषही असेच असतात आणि मुले ते परीक्षेपुरते वाचतात. आमच्या लेखकांची अडचण आम्हाला समजते. आजूबाजूचे वातावरण असे की आपल्या माणसाचा दोष लिहिला तर तो साऱ्या जमातीच्या खात्यावर मांडला जाईल, ही भीती खोटी नाही. पण बाबा पदमनजींनाही असाच वाद जिंकायचा होता, आणि त्यांच्या पुस्तकाचे काय झाले ते वर आलेच आहे.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात काशीदची सुरूची झाडे आडवी झाली, घरांचे पत्रे उडाले. नंतर कित्येक दिवस लोक सांगत होते, अल्लाहने वाचवले. हे सांगणारे बहुधा छप्पर राहिलेले. छप्पर गेलेल्यांनीही शुक्र मानला, पण त्यांचा शुक्र कोणी सविस्तर ऐकून घेतला नाही. तो ऐकायला वेळ लागतो. त्यात पत्र्यांचे भाव येतात, भावाभावांची कुरबुर येते, मध्येच एखादी शिवी येते.

आमच्या या किनाऱ्यावर अशी पुष्कळ घरे आहेत जिथले पुरुष बोटीवर किंवा कुवेत-सौदीत वर्षानुवर्षे राहिले. लक्ष्मीबाईंसारख्याच, नवरा जिवंत असून एकट्या राहिलेल्या बायका त्या घरांत आहेत. घर कसे चालवलेत असे विचारले तर 'अल्लाचे करम' एवढेच उत्तर येते. ते खरेच आहे. पण त्या करममध्ये दुकानदाराची उधारी होती, सासूची नजर होती, मुलाचा ताप होता, पाऊस लागण्याआधी कौले परतून घेणे होते. लिहिता न येणाऱ्या कित्येकींनी हे सारे त्या काळी कॅसेटमध्ये बोलून नवऱ्याला पाठवले, आणि नवऱ्याचे बोलणे कॅसेटमध्येच परत आले. त्यांतल्या काही कॅसेटी अजून कपाटांत, साड्यांखाली पडून आहेत. टेपरेकॉर्डर मात्र घरात उरलेला नाही.