एक चूल, एक कुटुंब : पाहणीतील एका व्याख्येची चिकित्सा

समाजशास्त्रीय पाहणीचे मूल्य बहुधा नमुनानिवड व आकडेमोड यांवरून ठरविले जाते. तथापि या दोहोंच्या आधी एक निर्णय झालेला असतो, तो म्हणजे मोजावयाचे एकक कोणते. कुटुंबविषयक अभ्यासात हा निर्णय पुष्कळदा 'चूल' या एका शब्दावर उभा असतो.

इरावती कर्वे यांनी 'किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) या ग्रंथात केलेल्या एकत्र कुटुंबाच्या व्याख्येत एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक उपासना व आप्तसंबंध ही लक्षणे एकत्र आली आहेत. जनगणनेची व्याख्या मात्र सामान्यतः एकत्र राहणे व एका स्वयंपाकघरात जेवणे या दोनच लक्षणांवर भागविते. गणकाच्या दृष्टीने ही सोय योग्यच होय. परंतु या सोयीलाच सिद्धान्त मानले, की दोष उत्पन्न होतो. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा येथील अभ्यासात (१९६४) निवास व एकत्रपणा या भिन्न गोष्टी असल्याचे प्रतिपादन केले, ते याच कारणास्तव.

हिंगोली जिल्ह्यात या व्याख्येची कसोटी सहज लागते. येथून ऊसतोडीस जाणारे मजूर मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. तोडीच्या हिशोबात नवराबायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. त्यांची चूल फडाजवळच्या खोपीत पेटते. म्हातारी माणसे व शाळकरी मुले गावच्या चुलीवर जेवतात. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात, म्हणजे ऐन हंगामात, झाली. गणनेच्या संपूर्ण काळात बाहेर असणाऱ्याची नोंद गावच्या घरी होत नाही. परिणामी, पावसाळ्यात जे एक कुटुंब असते, ते फेब्रुवारीत कागदावर दोन होते. २०२७ च्या जनगणनेसाठीही जून २०२५ च्या अधिसूचनेने देशाच्या बहुतांश भागास १ मार्च हाच संदर्भदिन ठरविला आहे.

दुसरी अडचण भाषेची आहे. मराठीत 'चूल' ही वस्तू आहे, तसेच ती लक्षणाही आहे. 'वेगळी चूल मांडली' या वाक्यात स्वयंपाकापेक्षा वाटणीचा व मनभेदाचा अर्थ अधिक असतो. म्हणून 'तुमची चूल एकच का?' असे विचारले असता सहा महिने दूर जेवणाऱ्या मुलाचा बापही 'एकच' म्हणेल. पाहणीकार स्वयंपाकाविषयी विचारतो, उत्तर मात्र नात्याविषयी मिळते. आणि तक्त्यात दोन्ही एकाच रकान्यात बसतात. ही लबाडी नव्हे. येथे प्रश्नानेच दोन अर्थ घेतले आहेत.

यावर उपाय अवघड नाही. गेल्या महिन्यात कोण कोठे जेवले, सातबारा कोणाच्या नावावर आहे, उचल कोणाच्या खर्चासाठी घेतली, कुलाचारास कोण एकत्र येतात, हे प्रश्न पृथक् विचारावेत. आणि तीच घरे हंगामात व पावसाळ्यात अशी दोनदा पाहावीत. खर्च वाढेल, नमुना लहान करावा लागेल. पण त्यावाचून 'विभक्त कुटुंबे वाढली' असा निष्कर्ष काढणे म्हणजे स्थलांतराला कुटुंबविघटनाचे नाव देणे होय. तसे झाले, तर आजीजवळ राहिलेले मूल विभक्त कुटुंबाच्या आकड्यात जमा होईल आणि त्याच्या आईबापांच्या सक्तीच्या स्थलांतराचा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहील.