विद्योदय परिवेण आणि त्याचा लिहिला गेलेला इतिहास

सिंहलद्वीपातील अर्वाचीन बौद्ध शिक्षणाचा इतिहास सांगताना त्याचा प्रारंभ इ. स. १८८० पासून करण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ आहे. त्या वर्षी कर्नल ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हाट्‌स्की गॉल येथे उतरले, त्यांनी पंचशील ग्रहण केले, आणि पुढे थिऑसॉफिस्टांच्या पुढाकाराने १८८६ साली कोलंबो येथे आनंद विद्यालयाचा पाया घातला गेला. ही हकीकत खरी आहे. परंतु ती आरंभाची हकीकत म्हणून सांगितली जाते तेव्हा तीत एक गंभीर वैगुण्य उत्पन्न होते. ज्या भिक्षूंनी स्वतःच्या बुद्धीने व स्वतःच्या समाजाच्या द्रव्यबळावर विद्यालये उभारली, ते या कथनात केवळ स्वागतकर्ते म्हणून शिल्लक राहतात.

कालक्रम पाहिला तरी या कथनाचा एकांगीपणा ध्यानात येतो. हिक्कडुवे श्रीसुमंगल (१८२७–१९११) यांनी कोलंबोतील मालिगाकंद येथे विद्योदय परिवेणाची स्थापना १८७३ साली केली. म्हणजे ऑल्कॉटच्या आगमनापूर्वी सात वर्षे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७५ साली, रत्मलाने श्रीधम्मालोक यांनी पेलियगोड येथे विद्यालंकार परिवेण स्थापन केले. हे दोघेही रत्मलान येथील वलाने सिद्धार्थ स्थविरांचे शिष्य होत. म्हणजे या दोन विद्यालयांमागे तत्पूर्वीच्या एका विद्यालयाची परंपरा उभी होती. पानदुरे येथे मिगेट्टुवत्ते गुणानंद यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकांशी केलेला प्रसिद्ध वादही १८७३ सालचाच. तेव्हा जागृतीची सामग्री परदेशस्थांच्या हस्ते आली असे मानण्यास आधार राहत नाही.

तथापि याच्या उलट टोकाचे मतही तितकेच सदोष आहे. परिवेण ही प्राचीन काळापासून अखंड चालत आलेली, अविकृत संस्था होय, असे काही अभिमानी लेखक सुचवितात. वस्तुतः गावोगावच्या विहारांत भिक्षूंनी मुलांना अक्षरओळख करून द्यावी ही पद्धती जुनी खरी; कोलब्रुक यांनी १८३१ च्या आपल्या अहवालात ती दखल घेण्याजोगीही मानली नाही, यावरून राज्यकर्त्यांची दृष्टी कळते, पद्धतीची योग्यता कळत नाही. परंतु विद्योदय हे विहारातील त्या ओसरीचे केवळ वाढीव रूप नव्हते. त्याच्या पाठीशी ‘विद्याधर सभा’ नावाचे गृहस्थांचे मंडळ होते. जागा व निधी यांची चिंता त्या मंडळाने वाहावी आणि अध्यापन भिक्षूंनी करावे, अशी ही विभागणी होती. राजाश्रय लुप्त झालेल्या वसाहतीत व्यापारी व मध्यम वर्गाने राजाची जागा घेतली. परंपरेचा आशय आणि नव्या युगाची संघटना यांचा हा संयोग होता, आणि त्यातच संस्थेचे सामर्थ्य होते.

या प्रश्नाचा शास्त्रीय ऊहापोह गेल्या अर्धशतकात झाला आहे. गणनाथ ओबेयसेकर यांनी १९७० साली ‘प्रॉटेस्टंट बौद्ध धर्म’ ही संज्ञा योजिली. मिशनऱ्यांना विरोध करता करता त्यांचीच साधने आत्मसात करणारा, गृहस्थप्रधान असा धर्म तिने सूचित होतो. अॅन ब्लॅकबर्न यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सुमंगलांचे चरित्र साधन म्हणून घेऊन या उपपत्तीस मर्यादा घातल्या. हे परीक्षण मान्य करावे लागते. १८८१ च्या ऑल्कॉटकृत बौद्ध प्रश्नोत्तरीस सुमंगलांची अनुमती लागली, ही एकच गोष्ट अधिकार कोणाकडे होता हे सांगण्यास पुरेशी आहे.

मात्र गौरवाच्या भरात उणिवा झाकणे हा इतिहास नव्हे. परिवेणातील पाली, संस्कृत व सिंहली यांचे अध्ययन उच्च कोटीचे असले, तरी वसाहतीच्या राज्यात पोट भरण्याची विद्या इंग्रजी होती. गृहस्थांच्या मुलांना नोकरी व व्यवसाय यांची द्वारे उघडून देण्याचे कार्य आनंद, कँडीचे धर्मराज (१८८७) आणि गॉलचे महिंद (१८९२) या शाळांनीच केले. शिवाय परिवेणातील विद्या प्राधान्येकरून पुरुषांचीच राहिली. ज्या सियाम निकायाचे सुमंगल होते, त्यातील उपसंपदा एका उच्च मानलेल्या जातीपुरती मर्यादित होती, हेही विसरून चालणार नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या संस्थेचे महत्त्व निराळे आहे. गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली विद्योदयात दाखल झाले आणि सुमंगलांच्या चरणी त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. एका निर्धन, परभाषी, परप्रांतीय जिज्ञासूस तेथे गुरू लाभला. पुढे १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली, आणि मराठी वाचकास बुद्धचरित्र व बौद्ध विचार मूलग्रंथांच्या आधारे मिळू लागला. त्यांचे ‘निवेदन’ (१९२४) हे आत्मवृत्त म्हणूनच नव्हे, तर या विद्यालयाविषयीची साक्ष म्हणूनही वाचले पाहिजे. विद्यालंकाराशी राहुल सांकृत्यायन यांचा असाच संबंध आला. हिंदुस्थानातून लोपलेली विद्या हिंदुस्थानात परत आणणारे हे मार्ग होते.

१९५८ च्या कायद्याने ही दोन्ही परिवेणे विद्यापीठे झाली व १९५९ पासून त्यांचे कार्य सुरू झाले. आज ती श्रीजयवर्धनपुर व केलनिय या नावांनी ओळखली जातात. मान्यता मिळाली, विषय वाढले, स्त्रियांनाही प्रवेश लाभला. परंतु गुरूच्या सान्निध्यात ग्रंथ मुखोद्गत करीत राहण्याची जी शिस्त होती, ती विद्यापीठाच्या रचनेत मावणे कठीण होते. हा लाभ की हानी, याचे एकपदी उत्तर देता येत नाही. इतके मात्र निश्चित, की भिक्षूंना शिक्षणसंस्थांचे संस्थापक म्हणून मानल्याखेरीज त्या उत्तराचा विचारच सुरू होत नाही. आणि इतिहासकारांनी त्यांना आजवर बहुधा प्रेक्षकांतच बसविले आहे.