गुप्त ग्रंथ आणि पंडित : ‘द नेम ऑफ द रोझ’विषयी एक विचार

उंबेर्तो एको यांची ‘द नेम ऑफ द रोझ’ ही कादंबरी १९८० साली प्रसिद्ध झाली. कथेचा काळ १३२७ चा, स्थळ उत्तर इटलीतील एक मठ. ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा विनोदविषयक दुसरा भाग तेथील ग्रंथालयात दडवून ठेवलेला आहे. अंध योर्गे त्याच्या पानांना विष लावून वाचकांचे प्राण घेतो. पंडित विल्यम त्याचा शोध घेतो. अखेरीस ग्रंथ व ग्रंथालय दोन्ही नष्ट होतात.

या कादंबरीची चर्चा बहुधा विल्यम आणि योर्गे यांच्या द्वंद्वाभोवती फिरते. योर्गेच्या मते सत्य पूर्ण झालेले आहे, त्याचे केवळ रक्षण करावयाचे. विल्यमच्या मते ते शोधावयाचे आहे. परंतु त्यालाही रहस्य उलगडते ते एका चुकीच्या संगतीचा माग घेत असता. विश्वातील व्यवस्था विश्वात आहे की ती शोधकाच्या बुद्धीने कल्पिलेली आहे, हा या कादंबरीतील तात्त्विक प्रश्न होय. मात्र या मांडणीत ग्रंथ गुप्त ठेवणे आणि ज्ञानाचा द्वेष करणे ही एकच गोष्ट ठरते. हे समीकरण मराठी अभ्यासकाला सहज मान्य होण्यासारखे नाही.

महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ पाहावे. म्हाइंभट हे वादासाठी श्रीचक्रधरांकडे आलेले पंडित. पुढे त्यांनीच ठिकठिकाणी जाऊन प्रत्यक्षदर्शींकडून लीळा मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. मूळ प्रत स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाल्यावर, परंपरेनुसार, ग्रंथ स्मरणातून पुन्हा सिद्ध झाला. पाठ भिन्न झाले, तेव्हा त्यांतील भेद पुसून न टाकता ‘वासना’ म्हणून नोंदविण्यात आले. पुढे पंथाचे ग्रंथ सकळ लिपीत लिहिले जाऊ लागले. या गुप्ततेने ते टिकले, हे खरे. पण कित्येक शतके मराठी वाङ्मयविचार त्यांच्यावाचून राहिला, हेही तितकेच खरे. विसाव्या शतकाच्या आरंभी लिपीचा उलगडा झाला. राजूर ज्या जिल्ह्यात आहे त्या यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ साली निघाला, आणि वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली.

या प्रकाशात कादंबरीचे खरे केंद्र विल्यम नव्हे, तर त्याचा शिष्य आद्सो आहे, असे म्हणावे लागते. वर्षांनंतर तो जळक्या ग्रंथालयात परततो, पानांचे कपटे वेचतो, ते आयुष्यभर वाचीत राहतो. तथापि त्यांतून काही अर्थ निघतो की नाही, हे त्याला कळत नाही. म्हाइंभटांचे कार्यही विखुरलेले गोळा करण्याचेच होते. पण त्यांना पारखणारे गुरू होते, आठवणारे साक्षीदार होते, मतभेद जपणारा पंथ होता. आद्सो मात्र एकाकी आहे. त्याच्याजवळ मजकुराचे तुकडे आहेत. ते ज्याला सांगावे असा कोणी नाही.

ग्रंथ कुलुपात राहिल्याने नव्हे, तर तो आठवणारा समुदाय उरला नाही म्हणजे नष्ट होतो. एकोंची कादंबरी हे सिद्धान्तरूपाने सांगत नाही. आद्सोच्या वार्धक्यातून ते प्रतीत होते. तिचे तात्त्विक मोल तेथे शोधावे.