पट्टीवरचं जांभळं

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलभोवतीच्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये लघवी तपासायची दहा चौकोनांची पट्टी असतेच. ती लघवीत क्षणभर बुडवायची, बाटलीच्या कडेला निथळायची, एका चौकोनाचं पाणी दुसऱ्यात उतरू नये म्हणून आडवी धरायची आणि घड्याळाकडे बघायचं. साखरेचा चौकोन 30 सेकंदांनी वाचायचा, पांढऱ्या पेशींचा 2 मिनिटांनी. लॅबमधली मुलं दिवसभर हेच करत असतात, त्यामुळे पट्टीतून त्यांना फक्त उत्तर हवं असतं. मला मात्र ती उत्तरापुरती बघवत नाही. नखाएवढ्या कागदावर कोणता पदार्थ आधी यावा, कोणता नंतर, कशाला गप्प ठेवावं आणि कशाला बोलू द्यावं, याचा विचार करून कुणीतरी ती रचलेली आहे. रचना म्हटली की ती वाचता येते.

पांढऱ्या पेशींचाच चौकोन घ्या. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाला की पांढऱ्या पेशी लघवीत येतात आणि आपल्याबरोबर एस्टरेज नावाचं एन्झाइम आणतात. पेशी फुटून गेल्या तरी एन्झाइम मागे राहतं; सूक्ष्मदर्शकाखाली काही न दिसताही पट्टी रंगते, ती त्यामुळे. कागदावर त्या एन्झाइमसाठी आमिष ठेवलेलं असतं: अमिनो आम्लाचा एस्टर. प्रचलित पट्ट्यांमध्ये अ‍ॅलनिन या साध्याशा अमिनो आम्लाला पायरोल जातीचा एक रेणू जोडून ते बनवतात. जोडी शाबूत असेपर्यंत रंग नाही. एन्झाइमनं जोड कापला की पायरोल मोकळा होतो आणि शेजारी वाट बघत असलेल्या डायझोनियम क्षाराला जाऊन चिकटतो. चौकोन जांभळा. सुती कापडावर नॅप्थॉलचा रंग चढवताना धाग्यावर हीच डायझोनियमची जोडणी घडवतात, त्यामुळे चादरी-टॉवेलांच्या या गावाला पट्टीचा शेवटचा भाग परका वाटायचं कारण नाही.

या चौकोनात अमिनो आम्ल कागदावर आहे आणि एन्झाइम शरीरातून येतं. आता हीच मांडणी उलटी करायची. एन्झाइम कागदावर वाळवून बसवायचं आणि रक्तातलं अमिनो आम्ल शोधायला लावायचं. ऐकायला अदलाबदल वाटते, पण काम कितीतरी अवघड होतं, कारण रक्तात प्रथिनं घडवणारी वीस अमिनो आम्लं एकत्र फिरत असतात आणि आपल्याला त्यातलं एकच हवं असतं. शिवाय ते असतं किती? उपाशीपोटी 100 मिलिलिटर रक्तात साखर 80-90 मिलिग्रॅम असते. फिनाइलअ‍ॅलनिन असतं सुमारे 1 मिलिग्रॅम.

फिनाइलअ‍ॅलनिनचंच नाव घेण्यामागे एक गोष्ट आहे. 1934 साली ओस्लोमध्ये बोर्ग्नी एगेलंड ही आई आपली दोन मतिमंद मुलं, लिव्ह आणि डाग, यांना घेऊन अस्ब्योर्न फोलिंग या डॉक्टरकडे आली. मुलांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास यायचा आणि तो कशाचा हे तिला कुणी सांगत नव्हतं. फोलिंगनं मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घातलं. मधुमेहात कीटोन शोधायची ती नेहमीची परीक्षा. लालसर-तपकिरी रंग यावा किंवा काहीच होऊ नये. झालं हिरवं. हा हिरवा आला कुठून याचा पिच्छा त्यानं पुरवला आणि फिनाइलपायरुविक आम्ल वेगळं काढून दाखवलं. मग मतिमंदांच्या संस्थांमधून 430 जणांची लघवी तपासली, त्यात आणखी 8 जण निघाले. या मुलांच्या यकृतात फिनाइलअ‍ॅलनिनवर ऑक्सिजनचा एक अणू चढवून त्याचं टायरोसिन करणारं एन्झाइम नसतं किंवा निकामी असतं. वाट बंद झाल्यावर फिनाइलअ‍ॅलनिन साचतं, मेंदूला घातक ठरतं, आणि त्यातलं थोडं आडवाटेनं फिनाइलपायरुविक आम्ल होऊन लघवीत उतरतं. आजाराचं नाव फिनाइलकेटोन्युरिया. डॉक्टर पीकेयू म्हणून मोकळे होतात.

तो हिरवा रंग 1950च्या दशकाच्या अखेरीस कागदावरही आला. फेनिस्टिक्स नावाची पट्टी ओल्या लंगोटाला लावायची आणि हिरवी होते का बघायचं. सुटसुटीत होती, पण उशिरा बोलायची. लघवीत ते आम्ल पुरेसं उतरेपर्यंत काही आठवडे जातात आणि तोवर मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं. म्हणून रॉबर्ट गथ्री यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला लघवी सोडून रक्त धरलं: बाळाच्या टाचेतून थेंब काढायचा, टिपकागदावर वाळवायचा आणि तो ठिपका जिवाणूंच्या थरावर ठेवायचा. फिनाइलअ‍ॅलनिन जास्त असेल तर ठिपक्याभोवती जिवाणू वाढतात. जगभरच्या नवजात तपासणीची सुरुवात इथून झाली.

एन्झाइमची पट्टी यापुढचं पाऊल टाकते, आणि तिची खरी गंमत त्या पावलात आहे. 1980च्या दशकात जर्मनी आणि जपानमधल्या संशोधकांना, जपानमध्ये मुख्यतः यासुहिसा आसानो यांना, जिवाणूंमध्ये फिनाइलअ‍ॅलनिन डीहायड्रोजिनेज हे एन्झाइम सापडलं. ते फिनाइलअ‍ॅलनिनचा अमोनिया काढून घेतं आणि काढलेला हायड्रोजन एनएडी नावाच्या मदतनीस रेणूकडे सोपवतं. तिथून तो मध्यस्थामार्फत टेट्राझोलियम क्षाराकडे जातो. टेट्राझोलियम जवळजवळ बेरंग, हायड्रोजन मिळताच त्याचं फॉर्मेझान होतं: गडद, बहुधा जांभळं, आणि पाण्यात न विरघळणारं. पहिल्या धुण्यात रंग न सोडणाऱ्या चादरीसारखं ते जिथे तयार झालं तिथेच बसून राहतं. लॅबच्या किटमध्ये ही साखळी द्रवात चालते. पट्टी करायची तर तीच सगळी कागदात वाळवून ठेवायची आणि रक्ताच्या ओलाव्यानं जागी करायची.

आता या साखळीतली पहिली ओळ पुन्हा वाचा. फिनाइलअ‍ॅलनिनमधून अमोनिया काढल्यावर उरतं काय? फिनाइलपायरुविक आम्ल. फोलिंगला हिरवा रंग देणारं तेच. निरोगी यकृत जे करतं ते ही पट्टी करतच नाही. ऑक्सिजन चढवून टायरोसिन बनवायच्या सरळ वाटेला ती जात नाही. आजारी शरीर नाइलाजानं जी आडवाट धरतं, तीच ती कागदावर गिरवते, फक्त आठवड्यांऐवजी मिनिटांत. आजार ओळखण्यासाठी आजाराचंच छोटं रूप कागदावर घडवायचं, ही कल्पना कुणी ठरवून आणली नसेलही, जिवाणूकडे तेवढंच एन्झाइम होतं म्हणून ती आली असेल. तरी वाचणाऱ्याला ती दिसते आणि एकदा दिसल्यावर विसरता येत नाही.

दुसरी खुबी रंगाच्या कामात आहे. या एन्झाइमचा स्वाभाविक ओढा उलट्या दिशेला, म्हणजे फिनाइलअ‍ॅलनिन तयार करण्याकडे असतो. त्याला आपल्या बाजूनं चालवायचं तर चौकोन अल्कधर्मी ठेवावा लागतो आणि तयार झालेला एनएडीचा भरलेला रेणू लगेच उचलावा लागतो. तो उचलतो टेट्राझोलियम. म्हणजे रंग इथे नुसती बातमी देत नाही, क्रियेला पुढे खेचूनही नेतो. साखरेच्या पट्टीत हे नाट्य नाही. तिथलं ग्लुकोज ऑक्सिडेज आपणहून योग्य दिशेनं धावतं; 1956च्या क्लिनिस्टिक्सपासून ती पट्टी इतकी यशस्वी झाली त्याचं एक कारण हेही असावं.

सगळंच गोड नाही. टायरोसिन आणि फिनाइलअ‍ॅलनिन यांच्यात फरक एका ऑक्सिजन अणूचा, आणि काही जिवाणूंचं एन्झाइम टायरोसिनलाही भुलतं. त्यामुळे कोणत्या जिवाणूचं घ्यायचं, ही निवड पट्टी रचणाऱ्याच्या जाणकारीची कसोटी आहे. रक्त स्वतःच लाल, म्हणून तांबड्या पेशी वरच्या थरात अडवून खाली फक्त पाण्यासारखा भाग उतरवावा लागतो. आणि एन्झाइम हे शेवटी प्रथिन. लघवीच्या साध्या पट्टीच्या डबीवरही 30 अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याखालच्या कपाटात ती डबी कशी टिकावी? झाकणातली ओलावा शोषणारी पुडी तिला दमटपणापासून वाचवते, उन्हापासून नाही.

अशी पट्टी आमच्याकडे कुणाला लागेल, या प्रश्नाचं उत्तर ताटापासून सुरू होतं. पीकेयूच्या मुलाला औषधापेक्षा पथ्य वाचवतं; 1953 साली होर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅममध्ये एका मुलीवर ते दाखवून दिलं. फिनाइलअ‍ॅलनिन अजिबात बंद करता येत नाही, वाढीला ते लागतंच. पण तीव्र प्रकारात कित्येकांना दिवसाला 250 ते 350 मिलिग्रॅमच्या पुढे झेपत नाही. आता हिशेब करा. 60 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे साधारण 6 ग्रॅम प्रथिन आणि त्यात अदमासे 300 मिलिग्रॅम फिनाइलअ‍ॅलनिन. 20 ग्रॅम शेंगदाणे म्हणजे 250च्या आसपास. एका भाकरीत नाहीतर दोन चमचे शेंगाचटणीत दिवस संपला. सात रस्त्यावरच्या दुकानातल्या डाएट कोलाच्या डब्यावर बारीक अक्षरात पीकेयूच्या रुग्णांसाठीचा इशारा असतो, तोही याचसाठी: त्यातल्या अ‍ॅस्पार्टेममधून फिनाइलअ‍ॅलनिन सुटतं. डब्यावर ते लिहिलेलं असतं, भाकरीवर कोण लिहिणार?

ज्वारीचं आणि अमिनो आम्लांचं नातं दख्खनात जुनं आहे. 1960 साली हैदराबादच्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीवर जगणाऱ्यांमधल्या पेलाग्राचा संबंध तिच्यातल्या जादा ल्युसिनशी जोडला होता. त्यावर पुढे बरेच वाद झाले. ल्युसिन मोजायचं तर चौकोनातलं एन्झाइम तेवढं बदलून ल्युसिन डीहायड्रोजिनेज घालायचं, बाकी साखळी तीच राहते. ज्या आजारात बाळांच्या लघवीला करपलेल्या साखरेचा वास येतो, त्याचा शोध अशाच एन्झाइमनं घेता येतो.

आणखी एक गोष्ट घरातली आहे. आमच्याकडे मामाची मुलगी करायची रीत. इरावती कर्वे यांनी 1953च्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्राच्या या पसंतीची नोंद केली आहे. शेजारच्या तेलुगू-कानडी घरांत मामा-भाचीचं लग्नही वर्ज्य नाही. नात्यातल्या दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते, आणि दोघांकडे ते असलं की प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका. आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी 1902 सालीच, लघवी काळी पडणाऱ्या आजारावर लिहिताना, आईबाप सख्खी चुलत-मावस भावंडं असल्याचं वारंवार आढळतं हे हेरलं होतं. तोही अमिनो आम्लाचाच आजार. रीतीवर मला इथे निवाडा द्यायचा नाही. पट्टीचं गिऱ्हाईक कुठे असू शकेल, एवढंच सांगायचं आहे.

नवजात बाळांच्या पहिल्या चाळणीसाठी आता एकाच ठिपक्यातून डझनावारी आजार दाखवणारी मोठी यंत्रं आहेत. गोव्यानं 2008 मध्ये सरकारी पातळीवर अशी तपासणी सुरू केली होती. 2021च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात पीकेयूचा समावेश आहे आणि मुंबईचं केईएम त्यातल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. पट्टीनं त्या यंत्रांशी स्पर्धा करू नये. तिची जागा निदान झाल्यानंतर, घरात आहे: या आठवड्यात अर्धी भाकरी जास्त झाली का, हे मुंबईला ठिपका पाठवून दिवसचे दिवस न थांबता कळण्यासाठी.

पण तिथेच तिची ही रचना तोकडी पडते. पथ्यावरच्या मुलाची पातळी 100 मिलिलिटर रक्तात 2 ते 6 मिलिग्रॅममध्ये ठेवायची असते. उपचार न झालेल्या रुग्णाचे 20 मिलिग्रॅम चौकोन गडद करून टाकतात, ते कुणालाही दिसतं. 5 आणि 7 यांतलं जांभळं ट्यूबलाइटखाली एक आणि उन्हात दुसरं भासतं, आणि आईला नेमका तोच फरक हवा असतो. साखरेच्या पट्टीपुढेही हीच अडचण होती. 1970 साली परावर्तित प्रकाश मोजणारा मीटर आला आणि डोळ्याचं काम यंत्राकडे गेलं. फिनाइलअ‍ॅलनिनच्या पट्टीला तसा मीटर जोडणं रसायनशास्त्राच्या आवाक्यात आहे. अडतं ते गिऱ्हाईक मोजक्या घरांतलं असल्यामुळे, आणि हा दोष पट्टी रचणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही.