पाटणच्या वावेतील देवी आणि जसमा

पाटणच्या राणी की वावेवर लिहिणारे रसिक पहिल्या पायरीवरच हात जोडतात. गुजरातेतील ही बारव भीमदेव सोळंकीची राणी उदयमती हिने अकराव्या शतकात बांधविली. सात मजले आणि पाचशेहून अधिक प्रमुख शिल्पे. सरस्वतीच्या गाळात ती गाडली गेली, १९८० नंतर पुरातत्त्व खात्याने मोकळी केली. २०१४ साली ती जागतिक वारसा ठरली आणि २०१८ पासून शंभराच्या नोटेवर आहे.

शिल्पे थोर आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पंचाग्नीत एका पायावर उभी असलेली पार्वती पाहा. ती येथे पुन्हा पुन्हा येते. पतीला पुन्हा भेटण्याची विधवा राणीची आस अभ्यासकांना तिच्यात दिसते. अर्थ पटण्यासारखा आहे. पण म्हणजे देवीने आग सोसायची तीही नवऱ्यासाठीच! महिषासुरमर्दिनीपुढे रसिकाला 'शक्ती' दिसते. ज्यांच्या वाट्याला गावची मेलेली ढोरे ओढणे आले, त्यांची नजर आधी रेड्याकडे जाते. आणि विष्णूच्या अवतारांत बुद्धही कोरला आहे. १९५६ साली नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतलेल्याने तिथे निव्वळ सौंदर्य कसे पाहायचे? आमचे सौंदर्यशास्त्र येथून सुरू होते.

वावेजवळच सहस्रलिंग तलाव आहे, उदयमतीचा नातू सिद्धराज याचा. लोककथा सांगते, तलाव खोदायला आलेल्या ओड जमातीतील जसमेवर राजाची नजर गेली. तिने त्याला झिडकारले, स्वतःला आगीत झोकून दिले, आणि तिच्या शापाने तलाव कोरडा राहिला. मग बत्तीसलक्षणी माणसाचा बळी हवा झाला. तो सापडला अस्पृश्य विणकरांत: माया. मरताना त्याने आपल्या माणसांच्या गळ्यातले गाडगे आणि कमरेचा झाडू उतरवून मागितला.

वावेच्या शिल्पकारांना जसमा कोरता आली नसती, ती पुढच्या काळातली. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. आजचा समीक्षक पार्वतीच्या अग्नीवर पाने लिहितो आणि हाकेच्या अंतरावरील मातीवाल्या बाईची आग त्याला 'लोकसाहित्य' वाटते, ही तक्रार आहे.

मायाचे मंदिर पाटणात आहे, तिथे आपली माणसे माथा टेकतात. त्यांच्या श्रद्धेची टिंगल मी करणार नाही. पण महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती कोणाचा बळी देऊन नव्हे. मायाचे बलिदान गौरवावे, की पाण्याला आमचाच माणूस का लागला हे विचारावे? मी विचारणाऱ्यांत आहे.